लिस्बन: एक दिवस असेल तर

एकच दिवस आहे, लिस्बनचा बेलें भाग करू की आल्फामाची जुनी वस्ती, असं विचारलंय तुम्ही. माझं मत आल्फामाला. १७५५च्या भूकंपात नदीकाठचं शहर जमीनदोस्त झालं, पण टेकडीवरच्या या गल्ल्या बऱ्यापैकी वाचल्या. २८ नंबरच्या ट्रामचा नाद सोडा, गर्दी आणि खिसेकापू! पायीच चढा, गुडघे कुरकुरतील, तेवढं चालायचंच. चियादो भागातला कार्मो मठ मात्र चुकवू नका. भूकंपात कोसळलेलं चर्चचं छत पुन्हा घातलंच नाही, कमानींमधून थेट आभाळ दिसतं. बेलेंला जमलंच, तर जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे. गडी वारला १५२४ साली आपल्या कोचीत. अस्थी नंतर तिकडे नेल्या. सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो हं.