काढून ठेवलेलं आईचं दूध उकळायचं का? माझं मत : अजिबात नाही

मिहानवाली_आई :
ऑफिस सुरू झालं तसं मी दूध पंप करून फ्रीजमध्ये ठेवून जाते आणि घरात रोज तोच वाद, की शिळं पाजतेस, निदान उकळून तरी दे. माझ्या मते उकळणं हीच खरी चूक आहे. या दुधातली लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, आयजीए ही प्रोटीनं नुसती पोट भरायला नसतात, लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारं लोह अडवून धरते, आयजीए जंतूंना आतड्याला चिकटू देत नाही. उकळलं की त्यांची घडण मोडते, कॅलरी राहतात पण राखण जाते. फ्रीजमध्ये ४ दिवस चालते, बाटली कोमट पाण्यात धरून अंगाइतकी ऊब आली की बस.

वऱ्हाडी_आजी :
बाई, नागपूरचा मे महिना विसरून राहिली का तू? पारा ४५ च्या वर, त्यात भर दुपारी लाईन जाते, फ्रीज बंद. बाहेर ४ तास चालते म्हणतात ते २५ डिग्रीच्या खोलीत, आपल्याकडे कूलर लावूनही खोली तेवढी थंड होत नाही. जंतू वाढले तर तुझी प्रोटीनं कुठवर पुरतील? म्हणून उकळा म्हणतो आम्ही, काही समजत नाही म्हणून नाही.

मिहानवाली_आई :
आजी, उन्हाळ्याचं शंभर टक्के पटलं, मी पण आईसपॅकच्या बॅगेतच आणते. पण नासायला लागलेलं दूध उकळून चांगलं होत नाही ना, काही जंतूंचं विष उकळल्यावरही राहते. ते फेकायचंच.

एनआयसीयू_सिस्टर :
गरम केलं म्हणजे वाया गेलं असं सरसकट लिहू नका प्लीज, आमच्याकडच्या आया घाबरतात. मिल्क बँकेत दान आलेलं दूध ६२.५ डिग्रीला ३० मिनिटं ठेवतात, देशातली पहिली बँक मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ ला सुरू झाली. त्यात लायपेज (दुधातली चरबी फोडणारं एन्झाइम) पूर्ण जाते, लॅक्टोफेरिन बरंच घटते, पण आयजीए बऱ्यापैकी टिकते आणि ऑलिगोसॅकराइड (दुधातल्या खास साखरा) तशीच राहतात. तरी वेळेआधी जन्मलेल्या बाळाला आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका पावडरच्या दुधापेक्षा कमीच. दुसऱ्या आईचं दूध कच्चं देणं धोक्याचं, म्हणून ही गरमी.

धंतोलीकर :
मला हा साठवणीचा प्रकारच पटत नाही. फ्रीजरमध्ये पांढऱ्या पेशी मरतात, महिने गेले की लॅक्टोफेरिन कमी होते, लायपेज मात्र थंडीतही थोडंथोडं चालूच, म्हणून साबणासारखा वास. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जायची मुभा दिली आहे, ते मागा ना.

मिहानवाली_आई :
मागतेच आहे, पण ते उघडेपर्यंत बाळानं काय प्यायचं सांगा. अंगावरचं ताजं सगळ्यात चांगलं, मान्य, पण फ्रीजरमधल्या दुधातही आयजीए बरंचसं शाबूत असते, पावडरच्या डब्यात ते नसतेच. आणि साबणासारख्या वासानं दूध खराब होत नाही, बाळ पीत असेल तर खुशाल द्या. वास आला म्हणून बाया ओतून देतात, जीव तुटतो माझा.

त्रिमूर्तीनगर_बाबा :
मायक्रोवेव्हमध्ये १० सेकंद चालेल का?

एनआयसीयू_सिस्टर :
नको. सारखं तापत नाही, बाटली हाताला कोमट लागते आणि आत कुठं चटका बसेल इतकं गरम असते. भांड्यात कोमट पाणी घ्या, ५-१० मिनिटं लागतील.