मदत हवी आहे: रेवस ते रत्नागिरी, हाताने काढलेली घडीची पुस्तिका

नमस्कार मंडळी,

गुहागरला माझ्या मावशीकडे राहण्या-जेवणाची घरगुती सोय आहे. पाठीवर सॅक टाकून गाडीशिवाय फिरणारी पोरं हल्ली बरीच येतात आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: इथून पुढे एसटीने आणि फेरीबोटीने कसं जायचं? मावशी पाठकोऱ्या कागदावर रेघोट्या मारून समजावते. मला चित्रं काढता येतात, म्हणून त्या रेघोट्यांची नीट पुस्तिका करायला घेतली आहे.

किनारा उभा, अरुंद आणि लांबलचक. त्यामुळे शिवलेल्या पानांपेक्षा पंख्यासारखी उघडणारी लांब पट्टी बरी वाटली. उत्तर डावीकडे ठेवली की समुद्र खालच्या कडेला येतो, डोंगर वर, आणि प्रवास डावीकडून उजवीकडे वाचत जाता येतो. मजकूर इंग्रजीत, पण गावांची नावं देवनागरीतही मोठ्ठी, एसटीच्या पाटीवर दिसतात तशीच. बाहेरच्या माणसाला पाटी वाचता आली नाही तरी अक्षरांचं चित्र जुळवून गाडी पकडता येईल.

अडलंय ते असं:

१. ए-थ्रीच्या लांबीत ए-सिक्सचे चारच भाग बसतात. पट्टी जोडायची कुठे? जोड मध्येच आला की चित्र तुटतं. शिवाय रंगीत लेझर प्रिंटची शाई घडीवर सोलते.

२. भरती-ओहोटी कशी दाखवू? अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी आणि हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे खडकातल्या अरुंद भेगेत, पाणी उसळताना बघायचं तर भरती. तक्ता छापला तर महिन्याभरात रद्दी.

३. नकाशा कशावरून काढावा? कायद्याच्या भानगडी नकोत.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

जोड कुठे द्यायचा ते किनाऱ्यानेच ठरवून दिलंय की! तुमच्या वाटेवर फेरीबोटीने ओलांडायच्या मोठ्या खाड्या चार: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. म्हणजे तुकडे पाच. एकेक तुकडा म्हणजे एकेक पट्टी, आणि जोड बरोब्बर खाडीत. तिथे रस्ता तसाही तुटतो, चित्र तुटलं तर बिघडलं कुठे? खाडीचं पाणी रंगवू नका, कोरं सोडा आणि फेरीबोट घडीपासून जरा बाजूला काढा. घडीवर शाईच नसली की सोलायचा प्रश्न मिटला. जोड नसलेल्या घड्यांवरही गडद रंग टाळा.

माप: भागाची रुंदी १०५ नाही, १०२ मिमी धरा. चार भागांचे ४०८ होतात, उरलेले १२ मिमी चिकटपट्टीला. उंची १४० च्या आसपास, कारण प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही. एका ए-थ्रीतून दोन पट्ट्या निघतात, म्हणजे पाच पट्ट्यांना तीन कागद आणि सहावी पट्टी मुखपृष्ठाला.

कागद १२० जीएसएम वजनाचा घ्या. वॉटरकलरचा ३०० वाला वीस भागांना वीट होईल. दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेनने फूटपट्टी लावून रेघ दाबून घ्या. आणि कागदाचे तंतू घडीला समांतर हवेत, आडवे गेले की घडी फाटते. दुकानदाराला विचारू नका, त्याला माहीत नसतं. कागद दोन्ही बाजूंनी हलके वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडेच घडी.

प्रतिसाद २

भरतीसाठी आमच्याकडचा जुना हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट. दशमीला साडेसात, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीची वेळ, सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, आणि दक्षिणेकडे भरती मुंबईच्या जरा आधीच येते.

याची चकती छान होते. गोल कागद चार वेळा अर्धा दुमडा, सोळा घड्या पडतात. वरची घडी १२ वाजता धरायची, तिच्या उजवीकडून क्रमाने १ ते १५ तिथी. दोन घड्यांमधलं अंतर साडेबावीस अंश, म्हणजे घड्याळात पाऊण तास. कोनमापक लागतच नाही! बाहेरून नेहमीचे तास लिहा, मध्ये आयलेट (धातूची पोकळ कडी) ठोकून दुतोंडी काटा बसवा. एक टोक भरती, दुसरं ओहोटी, कारण ओहोटी साधारण सहा तासांनी, म्हणजे बरोबर समोर. दशमीवर काटा लावला की दुसरं टोक दीडवर.

तिथी कुठून आणायची? मावशीच्या भिंतीवर कालनिर्णय असेलच.

प्रतिसाद ३

चकती झकास, पण हरिहरेश्वरच्या समुद्रकाठच्या खडकांवरून जाणाऱ्या प्रदक्षिणेपाशी ती वापरायला अजिबात सांगू नका. तिथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. त्या भागावर ठळक लिहा: गावकऱ्यांना विचारल्याशिवाय खाली उतरू नये. अंदाजाचं साधन आणि जिवाशी खेळ यात फरक ठेवावा.

नकाशाचं: गूगलवरून गिरवून छापणं त्यांच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावरून खुशाल काढा, फक्त 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असा श्रेयोल्लेख छापा. १६७५ मध्ये इंग्लंडात जॉन ओगिल्बीने रस्त्यांचे असेच पट्टी-नकाशे छापले होते, आणि दिशा बदलली की प्रत्येक पट्टीवर वेगळं होकायंत्र काढलं होतं. तुम्हीही प्रत्येक पट्टीवर उत्तरेचा बाण द्या, नाहीतर उत्तर डावीकडे बघून लोक गोंधळतील.

प्रतिसाद ४

फेरीच्या आणि एसटीच्या वेळा छापू नका, पेन्सिलने लिहायला चौकट सोडा. गेटवेहून मांडव्याच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, हे मात्र छापाच. आणि हस्ताक्षर: ए-थ्रीवर लिहून झेरॉक्सवर ७१ टक्के लहान केलं तर अनुस्वार आणि वेलांट्या भरून जातात. नावं जाड निबने, मोकळी लिहा, शाई पिगमेंटची.

अवांतर: हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव काढणार ना? नाही काढलात तर पुस्तिका घेणार नाही. :)

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीत जोड ही कल्पना भन्नाट आहे, रात्रीच वर्तमानपत्रावर कापून बघितली. एकच अडचण राहते: पाचही पट्ट्यांची लांबी सारखी, पण वेश्वी ते दाभोळमध्ये वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली एवढं सगळं आणि जयगड ते रत्नागिरीत त्या मानाने थोडं. मापाचा हट्ट सोडून अंतराऐवजी प्रत्येक पट्टीवर प्रवासाचे तास लिहू का? हर्णैला अर्धा भाग दिलाय, लिलावासकट.

प्रतिसाद १

तासच लिहा. घाटातून जाणाऱ्या एसटीत किलोमीटर कोण मोजतंय? आणि जयगडच्या पट्टीतला रिकामा भाग चकतीला द्या, म्हणजे ती वेगळी हरवणार नाही.