परदेशात जायचं म्हणजे नुसते कीवर्ड बदलायचे?

कात्रणकार: काल इथे एकाने लिहिलं, ‘ग्राहकांबद्दलच्या बातम्या शोधून त्यांची कात्रणं पुरवणाऱ्या, म्हणजे मीडिया मॉनिटरिंग करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला परदेशात जायला काय लागतं? सॉफ्टवेअर आहेच, कीवर्ड तिकडच्या भाषेत टाका.’ वाचून राहवेना. आधी बातम्या वापरायचे, वृत्तपत्रांकडून घ्यायचे परवाने बघा. कात्रण मेलने गेलं की ग्राहकाकडे प्रत तयार होते, म्हणून ग्राहकालाही परवाना हवा, हे ब्रिटनमध्ये मेल्टवॉटर या मॉनिटरिंग कंपनीच्या खटल्यात 2010-11 मध्ये ठरलं. अमेरिकेत 2013 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याच कंपनीविरुद्ध निकाल मिळवला. हा खर्च दरात धरला नाही तर पहिल्या करारातच तोटा.

बाणेर_बीटूबी: ते मीच लिहिलं होतं. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतं. मेल्टवॉटर 2001 मध्ये ओस्लोत सुरू झाली, ऑनलाइन बातम्यांवर उभी राहिली आणि खटले अंगावर घेऊनही जगभर गेली. शिवाय पडद्यावर नुसतं वाचायला परवाना लागत नाही, हे 2014 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं. ते का गाळलंत?

कात्रणकार: पडद्यापुरतं मान्य. मेलमधल्या कात्रणाला ती सूट नाही.

शनिवारपेठी: परदेश राहू द्या, मराठी तरी नीट शोधता येतं का? ‘पुणे’ टाकलं की ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ सुटतं. ‘बँक’ शोधलं की ‘बॅंक’ निसटतं. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच, पण संगणकाला ते वेगळे.

बाणेर_बीटूबी: ‘पुण’ एवढाच भाग शोधा. पाच मिनिटांचं काम.

शनिवारपेठी: मग ‘निपुण’ येणार! शब्दाच्या सुरुवातीलाच शोधा म्हटलं तर पुणतांबा हजर. ‘पुणे’, ‘पुण्या’, ‘पुणेरी’ अशी रूपं हातानेच मांडावी लागतात, प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक नावाची. पाच मिनिटं कसली!

स्कॅनर३००: छापील अंकाचं तर विचारूच नका. पीडीएफ जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली असली तर कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. मग पानाचं चित्र करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं. स्कॅन करताना 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) खाली गेलात की अनुस्वार आणि रफार उडतात. मागच्या पानाची शाई उमटली तर शिरोरेषा तुटते. आणि आधी स्तंभ कापले नाहीत तर शेजारच्या दोन बातम्यांच्या ओळी एकमेकींत घुसतात.

बाणेर_बीटूबी: विषय परदेशाचा आहे. मराठीचं रडगाणं दुसरीकडे गा.

शनिवारपेठी: रडगाणं? अरबीत ‘अल’, ‘व’, ‘बि’ शब्दाला चिकटून येतात. चिनीत दोन शब्दांमध्ये जागाच नसते. इथे जे अडतं तेच तिथे अडणार, आणि तिथे तपासायला तुमच्याकडे माणूसही नसणार.

बाणेर_बीटूबी: मग तिथली कंपनी विकत घ्या. माणसं, परवाने, सगळं आयतं मिळतं.

कात्रणकार: सिडनीच्या आयसेंटिया या मॉनिटरिंग कंपनीने 2015 मध्ये किंग कंटेंट घेतली, 2017 मध्ये ती बंद करावी लागली.

बाणेर_बीटूबी: ती कंटेंट मार्केटिंगची कंपनी होती, मॉनिटरिंगची नव्हे. उदाहरण गैरलागू.

कात्रणकार: बरोबर, मागे घेतो. पण घड्याळाचं काय? सिंगापूरला सकाळी सातला अहवाल म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. तपासणीची पाळी रात्री दीड-दोनलाच बसवावी लागेल.

बाणेर_बीटूबी: बरं, तपासणीचा माणूस तिथलाच ठेवू, तेवढं पटलं. सॉफ्टवेअर मात्र इथूनच चालेल.

शनिवारपेठी: चालवा. रूपांची यादी आधी त्या माणसाकडून करून घ्या, मग विक्रीला निघा.