झेंड्याच्या दिवशी दारापुढं काय काय केलं? सांगा की (अनुभव धागा)

जाऊबाई, परभणी

आधी माझी फजिती सांगते मग तुमची सांगा. १४ ऑगस्टला रात्री बारापर्यंत बसून आम्ही दोघी जावांनी क्रेप कागदाच्या पताका केल्या, केशरी, पांढरी, हिरवी अशा ओळीनं, मैद्याची खळ शिजवली, सुतळीला चिटकवल्या आणि ओट्याच्या दोन खांबांना ताणून बांधून झोपलो. पहाटे चारला पावसाची एक सर येऊन गेली, जास्त नाही, पाचच मिनिटं असंल. सकाळी बघते तर पांढऱ्या पताका गुलाबी झालेल्या, हिरव्याचे ओघळ खांबावरून पार खाली जोत्यापर्यंत, आणि महालक्ष्म्या येणार म्हणून खांबांना नुकताच डिस्टेंपर दिलेला! सासूबाई काही बोलल्या नाहीत, खांबाकडं एकदा बघितलं अन् चहा टाकायला आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता १७ सप्टेंबर, आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आलाय. बाकीच्या महाराष्ट्रात झेंड्याचे दिवस तीन, आपल्याकडं चार, आणि त्यातले दोन भर पावसात. तर ओटा असो, ढाळज (वाड्याच्या दारातली बसायची जागा) असो, फ्लॅटची गॅलरी असो, दारापुढं तुम्ही काय केलं, काय टिकलं, काय फसलं ते लिहा. नंतर त्या सगळ्याचं काय केलं तेबी लिहा, कारण माझ्याकडं ओल्या कागदाचा एक गोळा पाटीत पडलाय अन् तो टाकून द्यायला मन होईना.

सुईदोरा, नांदेड

जाऊबाई, पावसाळ्यात क्रेप कागदाचं नाव काढू नका. मी शिवणकाम करते, माझ्याकडं ब्लाउजच्या अस्तराचे तुकडे पोतंभर निघतात, त्याच्याच पताका करते. तुकडे नसतील तर साधं पॉपलीन घ्या. पाया सहा इंच अन् उंची आठ इंच असा पुठ्ठ्याचा तिकोन कापून घ्यायचा, कापडावर एक सुलटा एक उलटा असा मांडत जायचं म्हणजे मधलं कापड वाया जात नाही, छत्तीस पन्ह्याच्या एका मीटरात चाळीसच्या वर पताका निघतात. कडेला पिको करा नाहीतर दोरे सुटतात. मग नाडीची पट्टी दुमडून तिच्यात वरची कड धरायची आणि सरळ टीप मारत जायची, दोन पताकांत दोन बोटं जागा सोडून. माझी माळ चौथ्या वर्षी चालू आहे, झेंड्याचा दिवस झाला की धुऊन घडी करून ट्रंकेत.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. केशरी कापडाचा रंग जातोच जातो, शिवायच्या आधी दोनदा धुवा. आणि एका पताकेला एकच रंग ठेवा. तिन्ही रंग एकात शिवून मधे चक्र काढलं की ती पताका राहिली नाही, झेंडा झाला, आणि झेंड्याची तोरणं, झालरी, माळा करायच्या नाहीत असं ध्वजसंहितेत सरळ लिहिलंय. मला हे एका गिऱ्हाइकानं सांगितलं, तोवर मी बिनधास्त करायले होते. खरा झेंडा लावायचा तर तो वेगळा, काठीवर, मानानं. तसा खादीचा झेंडा तर आमच्या नांदेडातच तयार होतो, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत, देशात अशा जागा बोटावर मोजण्याइतक्याच, म्हणून सांगायला जरा बरं वाटतं.

तूरडाळ, लातूर

आमच्या घरी रांगोळीवर पैसे घालवायला आई तयार नाही, ती म्हणली घरात धान्य काय कमी हाय का. मग तीन रंगाचं धान्य शोधायला बसलो. लातूरात तूरडाळीला काय तोटा, पण ती केशरी काही केल्या दिसंना, पिवळीच दिसायली, हळदीकुंकवाचं ताट मांडल्यावानी. शेवटी मसूर डाळ आणली. मधे तांदूळ, कडेला हिरवे मूग. शेजारचे गुरुजी म्हणले झेंडा जमिनीवर काढू नको, तो जमिनीला टेकवायचा नसतो, म्हणून झेंडा न काढता ओट्यावर परातीएवढं कमळ काढलं, तीन रंगाच्या पाकळ्या. खरंच झकास झालं होतं, शपथ.

फोटो काढायला फोन आणायला आत गेलो, तेवढ्यात चिमण्या आल्या. मसुराला तोंड लावलं नाही, मुगाला नाही, फक्त तांदूळ. पांढऱ्या पाकळ्या साफ! माझ्या फोटोत दोनच रंगाचं कमळ हाय अन् आई मागं उभी राहून हसायली. नंतर सगळं गोळा केलं, निवडून वेगळं करत बसण्यापेक्षा तिनं सरळ खिचडीला लावलं.

फळा-खडू, जालना

रांगोळीचा विषय निघालाच आहे तर चक्राचं बोलतो. चोवीस वर्षं शाळेत काढली, चोवीस आऱ्यांचं चक्र बरोबर काढणारं घर क्वचितच बघितलं. बहुतेकांच्या दारात बावीस, सव्वीस, एकदा तर बत्तीस मोजले. आणि बत्तीस का येतात हे मला नंतर उमगलं. लोक आधी अधिकचं चिन्ह काढतात, चार भाग झाले. मग प्रत्येकाचे निम्मे, आठ. परत निम्मे, सोळा. परत निम्मे, बत्तीस. असं निम्मं निम्मं करत जन्मभर बसलात तरी चोवीस येणार नाहीत, कारण चाराला दुप्पट करून चोवीस होतच नाही. सुरुवात सहापासून पाहिजे.

तर असं करा. ओट्यावर मधोमध खिळा नाहीतर चांगला दगड ठेवा, त्याला सुतळी बांधा, दुसऱ्या टोकाला खडू, गोल फिरवा. आता सुतळी आहे तेवढीच ठेवायची, लांबी बदलायची नाही. परिघावर कुठंही एक खूण करा, त्या खुणेवर सुतळीचं टोक धरून पुढची खूण करा, तिथून पुढची. बरोबर सहा खुणा होऊन पहिल्या खुणेवर परत याल. खुणांच्या मधोमध एकेक खूण, झाले बारा. परत मधोमध, झाले चोवीस. सगळ्या खुणा केंद्राला जोडा. पाचवीची पोरं दहा मिनिटात करतात, मोठ्या माणसांना अर्धा तास लागतो कारण ते मधेच भांडतात.

निळ्या रंगाला कपड्याची नीळ वापरू नका, चक्र गडद निळं असतं, नेव्ही ब्लू, नीळ त्याच्यापुढं फिक्की पडते. आणि ओट्यावर फक्त सराव करा, खरं चक्र कार्डशीटवर काढून भिंतीला लावा, दारात पायाखाली नको.

तिसरा मजला, छत्रपती संभाजीनगर

आम्हाला ओटाच नाही, चार बाय दहाची गॅलरी. २०२२ ला हर घर तिरंगा होतं, १३ ते १५ ऑगस्ट, तेव्हा पहिल्यांदा आयुष्यात स्वतःच्या घरी झेंडा लावला. जागा अरुंद म्हणून ग्रिलवर उभा सोडला आणि मला वाटलं केशरी कुठल्याही बाजूला आलं तरी काय फरक पडतो. खालून आमचे वॉचमन काका, फौजेतून रिटायर, वर बघून ओरडले, 'साहेब, उलटा झालाय!' खाली उतरून त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलं तेव्हा कळलं. उभा लावला की समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला पाहिजे. आम्ही घरातून बघत होतो ना, म्हणून आम्हाला बरोबर दिसत होता.

रात्री काढायचा का हा पण वाद झाला बिल्डिंगमध्ये. पूर्वी सूर्यास्ताला उतरवावा लागायचा, त्याच वर्षी जुलैमध्ये नियम बदलला, घरावर रात्रीसुद्धा ठेवता येतो. निम्म्या लोकांना पटलंच नाही, ते संध्याकाळी उतरवतातच, उतरवू द्या.

१७ ला मात्र आम्ही सकाळी पोरांना घेऊन सिद्धार्थ उद्यानात जातो, मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभाला, मुख्यमंत्री येतात म्हणून बंदोबस्त असतो, लांबूनच बघायचं. येताना भजे.

मखर, बीड जिल्हा

आमच्याकडं १७ सप्टेंबर म्हणलं की गणपती नाहीतर महालक्ष्म्या बऱ्याचदा आजूबाजूला असतात. २०२४ ला तर १७ तारखेलाच अनंत चतुर्दशी. सकाळी झेंडा, दुपारी मिरवणूक, आई म्हणली एकाच दिवसात दोनदा ओटा सारवणार नाही. म्हणून मखराच्या झालरीतल्याच केशरी अन् हिरव्या पट्ट्या काढून दाराला लावल्या, मधे पांढरा कापूस. कापूस आमच्या घरचाच, मागच्या साली भाव पडला म्हणून विकला नव्हता, म्हणलं ह्याचा काहीतरी उपयोग झाला! गणपती निघाला तरी दाराला ते तसंच, पाहुणे विचारायले की विसर्जनाची नवीन पद्धत का काय.

जाऊबाईंनी विचारलं नंतर काय करायचं. पताका असतील तर काही नाही, पण कागदाचे झेंडे असतील तर ते टाकायचे नसतात. माझा पोरगा १५ ऑगस्टला शाळेतून येताना रस्त्यावर पडलेले झेंडे उचलून आणतो, खिसे भरून आणतो, चिखलाचे. मी ते वाळवून संध्याकाळी परसात, कुणी नसताना, जाळून टाकते, फाटलेल्या झेंड्याचं असंच करायचं असतं, गाजावाजा न करता. प्लास्टिकचे आता कमी झालेत, २०२२ च्या जुलैपासून बंदीच आहे, तरी फाट्यावरच्या टपरीत कुठून येतात देव जाणे.

ढाळजेतला नातू, नळदुर्गजवळून

मी सजावट करत नाही, आमच्यात आजी करून घेती. तिला पोलिस ॲक्शन, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारताची कारवाई, आठवतं, आठ-नऊ वर्षांची होती. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आली ती नळदुर्गावरूनच, अन् १७ ला निजाम शरण आला, हे मी पुस्तकात वाचलं, ती सांगती ते वेगळंच असतं. ती सांगती की त्या आधीचे काही महिने तिन्हीसांजेला दिवा लावायचा अन् लगेच त्याच्यापुढं सूप आडवं धरायचं, उजेड ढाळजेतून बाहेर पडू द्यायचा नाही. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या, लांबून दिवा बघून यायचे म्हणं. दारापुढं काही लावायचं म्हणजे घर दाखवून देणं.

म्हणून मला वाटायचं आजीला साधं काहीतरी आवडंल, सडा, चार ठिपक्याची रांगोळी, झेंड्याची काठी. एक साली तसंच केलं. ती काठी टेकत बाहेर आली, बघितलं, अन् म्हणली, 'एवढंच का? अन् लायटिंग?'

तवापासून दरसाल १६ च्या रात्री माझं हेच काम. केशरी, पांढऱ्या, हिरव्या बल्बच्या माळा, ढाळजेच्या दारापासून माळवदाच्या कठड्यापर्यंत, मागच्या साली आठ माळा झाल्या, एकाच एक्स्टेन्शनवर लावल्या तर फ्यूज उडाला. आजी अंधारात बसून, 'लाव की रे, लांबून दिसाया पाहिजे, पार फाट्यावरून.' दोन बोर्डावर वाटून लावल्या तेव्हा लागल्या. मग ती मला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर जाऊन बघून यायला लावती, अन् आल्यावर विचारती, दिसलं का. मी दिसलं म्हणतो. खरं म्हणजे मधे बाभळी आहेत, उलुसंच दिसतंय.

जाऊबाई, परभणी

नातूभाऊ, बाभळी छाटा.

खांबाचे डाग निघाले नाहीत, सासूबाईंनी स्वतःच खालून हातभर गेरूचा पट्टा ओढला आणि आता म्हणायल्यात की असाच करायचा होता. चोवीस आऱ्या जमल्या, तिसऱ्या झटक्यात, मधे भांडण झालंच. पॉपलीन तीन मीटर आणलंय. सुईदोराताई, केशरी दोनदा धुतलं, पाण्याला अजून रंग येतोय, तिसऱ्यांदा धुऊ का?

सुईदोरा, नांदेड

धुवा. वेगळ्या बादलीत.