पुण्यात वारजे ते नळ स्टॉप जायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का, आणि पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटचं काय (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

मंजिरी (बी-३०२): नमस्कार, आपल्याकडे कोणाकोणाकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे? माझं ऑफिस नळ स्टॉपला शिफ्ट झालंय, जाऊन येऊन तेरा-चौदा किमी होतं, शिवाय भाजी आणि मुलीचा क्लास. जुनी गाडी सारखी गॅरेजला पडलेली असते त्यामुळे बदलायची तर आहेच. शोरूमवाला म्हणतो मोठ्या बॅटरीचंच मॉडेल घ्या, रेंज जास्त, पण किमतीत बराच फरक पडतोय. काय करू?

सचिन (ए-१०१): मंजिरीताई घ्या, पण मोठी बॅटरी अजिबात नको. साधारण शंभर किमीला तीन युनिटच्या आसपास लागतात, उतार-चढ, डबलसीट, तुम्ही एक्सिलरेटर किती पिळता त्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे दोन-सव्वादोन युनिटची छोटी बॅटरी असली तरी साठ-सत्तर किमी खरेखुरे मिळतात आणि तुमचं दिवसाचं सगळं मिळून वीसच्या आत आहे, मग बाकीची रेंज फक्त वजन म्हणून वाहायची आणि तिचे पैसे आधी द्यायचे, कशाला? ब्रोशरमधला आकडा टेस्टचा असतो तो धरूच नका. एकट्या माणसाला बसवून टेस्ट राइड देतात, तुम्ही मुलीला मागे बसवून चांदणी चौकाच्या चढावर घेऊन जा, तिथे गाडीचं काय ते कळतं.

मंजिरी (बी-३०२): आणि ती लायसन्स न लागणारी? स्वस्त आहे खूप.

सचिन (ए-१०१): ती २५ च्या स्पीडची आणि २५० वॅटची असते म्हणून लायसन्स रजिस्ट्रेशन लागत नाही. सोसायटीतून वाण्याकडे जायला ठीक आहे पण कर्वे रोडला मागून पीएमपीची बस येत असताना २५ ने चालवणं मला तरी धोक्याचं वाटतं. कर्वेनगरच्या फ्लायओव्हरवर तर नकोच.

देशपांडे काका (सी-२०४): मी जरा हिशोब मांडतो, कारण सगळे पेट्रोल वाचतं वाचतं म्हणतात पण किती ते कोणी सांगत नाही. महिन्याला साडेतीनशे किमी धरा. पेट्रोलची स्कूटर शहरात ४५ चं ॲव्हरेज देते म्हणजे आठेक लिटर, लिटर १०४ रुपये धरलं तर आठशेच्या वर. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधे जे वाया जातं ते धरून बारा-तेरा युनिट, आपलं महावितरणचं बिल वरच्या स्लॅबमधे जातं म्हणून युनिट १५ रुपये धरलं तरी दोनशेच्या आत. म्हणजे महिन्याला सहाशे-साडेसहाशे वाचले, वर्षाला सात-आठ हजार. ऑइल बदलायचं नाही, तो खर्च वेगळा वाचतो. ज्याची पेट्रोलची गाडी धडधाकट आहे आणि रोजचं एवढंच जाणं आहे त्याने ती विकून इलेक्ट्रिक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील. पण मंजिरी, तुला बदलायचीच आहे तर घे, त्यात तोटा नाही. आणि सबसिडीची वाट बघत बसू नकोस, ती वाढत नाहीये, २०२३ च्या जूनपासून कमीच होत आलीये.

वैशाली काकू (ए-४०३): मला एक काळजी वाटते ती बोलते, कोणी रागावू नका. २०२२ च्या मार्चमधे धानोरीकडे रस्त्यात उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला होता, तो व्हिडिओ अजून डोळ्यासमोर आहे. आपल्या जिन्याच्या अगदी तोंडाशी तिघांच्या गाड्या चार्जिंगला असतात. रात्री काही झालं तर वर राहणाऱ्यांनी उतरायचं कुठून? आमच्याकडे सासूबाई आहेत, त्यांना पटकन उचलून आणता येत नाही.

सचिन (ए-१०१): काकू रागवायचं काय त्यात, बरोबर बोलताय. त्यानंतर बॅटरीच्या टेस्टचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मग मार्च २०२३ पासून, त्यामुळे त्याच्या आधीची जुनी गाडी सेकंडहॅंड घेताना दहा वेळा विचार करावा. पण जिन्याशी चार्जिंग नको हे शंभर टक्के मान्य, माझी गाडी मी आजपासून तिथे लावणार नाही.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर सांगतो. कॉमन लाइटच्या बोर्डावरून तीन गाड्या चार्ज होतायत आणि त्याबद्दल माझ्याकडे तक्रारी आल्यात, पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातात. सी विंगला एकांनी गॅलरीतून एक्स्टेंशन खाली सोडलीये, ती पावसात भिजते. मागच्या मीटिंगला काहींचं म्हणणं होतं की सरळ बंदीच घाला.

मंजिरी (बी-३०२): बंदी घातली तर माझा विषयच संपला 😟

इम्रान (बी-१०३): बंदी नका घालू. बंदी घातली की लोक बॅटरी काढून घरात नेतात आणि रात्रभर दाराशी चार्जिंगला लावतात, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद, ते जास्त वाईट. माझं रोजचं काम वायरिंगचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्येकाचा मीटर आपल्या मीटर रूममधे खालीच आहे. ज्याची गाडी त्याच्याच मीटरवरून वायर काढायची, पाइपातून पार्किंगच्या भिंतीपर्यंत, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची. तिथे कुलपाचा बॉक्स, आत १६ ॲम्पिअरचं सॉकेट, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी. आरसीसीबीवर कोणी पैसे वाचवू नका, ओल्या हाताने धरलं आणि करंट लागला तर माणूस वाचवते ती. बिल ज्याचं त्याच्या घरी येईल, कॉमनचा वाद संपला. वेगळा मीटर घ्यायलाच पाहिजे असं नाही, केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या गाइडलाइनमधेच आलं होतं की घरच्या कनेक्शनवर चार्ज करता येतं. पण वायर कॉमन जागेतून जाणार म्हणून सोसायटीची लेखी परवानगी हवी.

देशपांडे काका (सी-२०४): इम्रान, छोट्या चार्जरला एवढं सगळं कशाला? साध्या पाच ॲम्पिअरच्या सॉकेटवर चालतो ना तो?

इम्रान (बी-१०३): काका चालतो, पण हे चार्जर साधारण मिक्सरएवढा लोड घेतात, फक्त मिक्सर पाच मिनिटं चालतो आणि हा चार-पाच तास सलग. सॉकेट ढिलं असेल तर ते हळूहळू तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं मग काळं. आत्ता खाली जाऊन लिफ्टजवळच्या बोर्डाचं उजवीकडचं सॉकेट बघा, एका पिनेभोवती तपकिरी गोल झालाय आणि जवळ गेलं की जळका वास येतो. गाडीत काहीच बिघाड नाही, सॉकेट गेलंय. म्हणून मी म्हणतो कंपनी कुठली घेता त्याच्याआधी पॉइंट नीट करा.

वैशाली काकू (ए-४०३): अरे देवा. मी रोज तिथून जाते.

सेक्रेटरी: तो बोर्ड मी आत्ताच एमसीबीवरून बंद करायला सांगतोय. ज्यांची गाडी लावलेली आहे त्यांनी काढून घ्या.

सचिन (ए-१०१): काढली. अजून एक, पॉइंट छातीच्या उंचीला घ्या, खाली फरशीजवळ नको. जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्यांची काय अवस्था झाली बघितलीच सगळ्यांनी, आपणही नदीपासून फार लांब नाही. रस्त्यावरच्या पावसाला गाडी दाद देत नाही पण पाण्यात बुडून राहिलेली गाडी तशीच चार्जिंगला लावायची नाही, आधी सर्व्हिसवाल्याला दाखवायची. आणि धुताना प्रेशरचं पाणी नको.

मंजिरी (बी-३०२): आणि रोज चार्ज करायची का?

सचिन (ए-१०१): रोज नको, तुम्हाला दोन-तीन दिवसांनी पुरेल. वीस-पंचवीस टक्क्यांवर आली की लावा, रोजच्याला ऐंशी-नव्वदला काढली तरी चालतं. एप्रिल-मे मधे उन्हातून आल्या आल्या लगेच लावू नका, तासभर थंड होऊ द्या, बॅटरीला उष्णतेचाच त्रास जास्त. टायरमधे हवा कमी असली की रेंज लगेच उतरते ते बघत जा. आणि गावाला महिनाभर जाणार असाल तर अर्धी चार्ज ठेवून जा, आणि बऱ्याच गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

वैशाली काकू (ए-४०३): आग लागलीच तर काय करायचं ते पण कोणीतरी लिहा. वाळूच्या बादल्या आहेत त्या पुरतील का?

इम्रान (बी-१०३): नाही काकू, या बॅटरीची आग वाळूने विझत नाही, आतून पुन्हा पेटते, धूरही विषारी असतो. कोणी विझवायला जाऊ नका, लांब व्हा, १०१ ला फोन. वॉचमनला मेन स्विच कुठला ते माहीत पाहिजे, जाता येत असेल तरच तो बंद करायचा. आणि चार्जिंगची जागा मागच्या कंपाउंडच्या भिंतीला घ्या, जिन्यापासून आणि गॅसच्या पाइपापासून लांब, वर पत्रा टाकू.

देशपांडे काका (सी-२०४): पत्र्याचा खर्च ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी वाटून घ्यावा असं सुचवतो.

सचिन (ए-१०१): मान्य.

मंजिरी (बी-३०२): माझाही हिस्सा धरा, गाडी यायच्या आधीच देते.

सेक्रेटरी: ठीक. रविवारी ११ वाजता मीटर रूमपाशी भेटू, इम्रानभाई अर्थिंग तपासून अंदाजे खर्च सांगतील, न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी अर्थिंगचं काम. ज्यांना पॉइंट हवाय त्यांनी फ्लॅट नंबर टाकून साधा अर्ज द्या, कमिटीत घेऊन लेखी परवानगी देतो. सी विंगची एक्स्टेंशन आज संध्याकाळपर्यंत काढा प्लीज, त्याबाबतीत थांबता येणार नाही.

रोहन (सी-३०१): काढतोय काका. माझाही अर्ज घ्या.