चार वर्षांच्या मुलीचा बेडका कसा मिळवायचा? टीबीच्या निदानासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या पाड्यावर अंगणवाडीतली एक मुलगी आहे, चार वर्षं पूर्ण झालेली. वजन ११ किलोच्या आत, काही महिने काटा हललेलाच नाही. महिन्याच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, मानेला सुपारीएवढी गाठ. वडिलांनी गेल्या वर्षी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स केला. तेव्हा घरातली मुलं तपासायची राहिली. सगळं कुटुंब वीटभट्टीवर होतं.

आरोग्य केंद्रात दोनदा खोकल्याची बाटली मिळाली. मग आशाताईंनी हट्ट धरला तेव्हा थुंकीची डबी दिली. एवढंसं पोर बेडका काढणार कसं? ते गिळूनच टाकतं. डबीत गेली नुसती लाळ, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि घरचे निर्धास्त. टीबी तपासायची सुई हातावर टोचली, पण ती जागा दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायची असते. जीपचं भाडं द्या, वर दोघांची मजुरी बुडवा, गेलेच नाहीत. छातीचा फोटो काढला तर 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' एवढीच चिठ्ठी. इकडे सॅमच्या, म्हणजे अतितीव्र कुपोषित मुलांच्या, यादीत नाव चढलं की खोकल्याकडे कुणी बघत नाही, सगळं कुपोषणावर ढकलतात. चीड येते.

दिवाळी झाली की हे लोक भिवंडीकडे भट्टीवर निघतील. बेडक्याशिवाय तपासणी होते का? रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याशिवाय औषध सुरूच होत नाही का?

प्रतिसाद १
ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. आधी ती गाठ दाखवा. सुईने त्यातला नमुना घेऊन सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर लावता येतो. दुसरा मार्ग म्हणजे रात्री दाखल करून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढणं. रात्रभर गिळलेला बेडका त्यातच असतो. शौचाच्या नमुन्यावरची तपासणीही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आहे, जिल्ह्याला होते का विचारा.

मुलांमध्ये जंतू मुळातच कमी, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही असं नव्हे. कुपोषित मुलात हातावरची सुईही फसवते. फोटो, गाठ, न वाढणारं वजन आणि घरातला रुग्ण एवढं जुळलं तर डॉक्टर पॉझिटिव्ह रिपोर्ट नसतानाही लक्षणांवरून निदान करून औषध सुरू करू शकतात. वडिलांच्या उपचाराचे कागद न्याच; तिथे हमखास विचारतात. औषध सुरू झालं तर निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक, लिहून ठेवा, त्यावर भिवंडीतही गोळ्या मिळतील. पोषणासाठी महिना १००० रुपयेही त्यावरच. १८००११६६६६ हा निक्षयचा फुकट फोन क्रमांक आहे.

आणि घरात अजून कोण खोकतंय? पाचाखालची दुसरी मुलं? त्यांना आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध देतात.

धागाकर्ती
डॉक्टर, खूप आभार. धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे. आजीही खोकते, पण विडी ओढते म्हणून सगळे सोडून देतात. सोमवारी तिघांनाही नेते. एकच विचारायचं राहिलं: नळी घालताना आईला जवळ बसू देतात का? नळीचं नाव काढलं की ती नकोच म्हणते.

प्रतिसाद १
हो, मांडीवर घेऊन बसू द्या असं आधीच सांगून ठेवा. पाच-दहा मिनिटांचं काम. आजीचा बेडका मात्र त्याच दिवशी द्या, तो मिळायला सोपा.