घरावर संकट असताना भजन-नामस्मरण कसं टिकवता? (अनुभव धागा)

धागाकर्ती: आजारपण, मयत, कर्ज, कोर्टकचेरी चालू असताना "देवाचं नाव घ्या" सगळेच सांगतात. किती वेळ, काय म्हणायचं, कुठे अडतं, हे कुणी सांगत नाही. रडकथा नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत. उपयोगी पडेल असं लिहा. पंथ कुठलाही चालेल.

माळकरी: ज्ञानदेवांचा हरिपाठ 27 अभंगांचा, काही पोथ्यांत 28. टाळ-मृदंगावर संथ चालीत म्हटला तर पाऊण तास सहज जातो, नुसता म्हटला तर पंधरा-वीस मिनिटं. संकटात पहिली चूक होते ती नेम वाढवण्याची. हरिपाठ, वर विष्णुसहस्रनाम, वर 11 माळा. चौथ्या दिवशी दवाखान्याची धावपळ होते, नेम मोडतो आणि "माझ्यामुळेच बिघडलं" ही नवी भीती मागे लागते. त्यापेक्षा पाचच अभंग ठेवा, पण वेळ दिवेलागणीची, ती हलवू नका.

दुसरं, एकट्याने म्हणू नका. हरिपाठाला म्हणणाऱ्यांच्या दोन फळ्या (रांगा) समोरासमोर असतात. एक फळी चरण म्हणते, दुसरी तोच उचलते, ध्रुपद (पालुपद) सगळ्यांचं. घरात तीन माणसं असली तरी असंच बसा. एकाचा गळा दाटला तर तो गप्प राहतो, टाळ हातात चालू असतो, चरण समोरून पुरा होतो आणि पुढच्या ध्रुपदाला तो पुन्हा आत येतो. एकट्याला रडू आलं की पोथी मिटते.

पेटीवाला: माळकरीबुवांना दुजोरा. वारकरी चाली मुळातच वरच्या पट्टीत, आणि दाटलेला गळा तार सप्तकात हमखास फाटतो. नेहमीपेक्षा दोन पट्ट्या खाली धरा, अंतरा फार वर न जाणारी चाल निवडा. फ्लॅटमध्ये रात्री टाळ वाजवताना तोंडावर तोंड सपाट आपटू नका; मध्ये हवा कोंडते आणि नुसता ठप्प आवाज येतो. कडा किंचित तिरकी लावली की हलक्या हातानेही नाद निघतो.

गावाकडची माणसं व्हिडिओ कॉलवर घेणार असाल तर एकानेच माइक चालू ठेवावा. आवाज मागेपुढे पोचतो, ताल कधीच जुळत नाही. 2020 च्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारी घरातच झाली, तेव्हा हे बऱ्याच मंडळांच्या लक्षात आलं.

रात्रपाळी: अतिदक्षता विभागात माळ, पोथी, अंगारा आत नेऊ देतीलच असं नाही. बोटांवर मोजा. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, अशा नऊ फेऱ्या म्हणजे 108. पेशंटजवळ लांब स्तोत्र नको. एकच ओळ, श्वासाच्या गतीने, कानाशी. इअरफोन लावायचा तर एकाच कानात आणि आवाज बारीक. सिस्टरने हाक मारली तर ऐकू आली पाहिजे.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत निरांजन, कापूर, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर देव दुसरीकडे हलवा. चालतं देवाला. उदबत्तीच्या धुराने दम्याच्या पेशंटला ढासही लागते.

चिंचवडकर: सुतकात हरिपाठ चालतो का?

माळकरी: पूजा थांबवतात, नाम नाही. "काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं" हे हरिपाठातच आहे. गावोगाव दहा दिवस रात्री भजन असतंच. फक्त मंडळींच्या चहापाण्याचा भार त्या घरावर टाकू नका, थर्मास शेजारून आणा.

ओवी: स्तुती म्हणजे गोडच बोलायचं असं नाही. जनाबाईंच्या अभंगांत विठोबाला सरळ शिव्या आहेत. तुकोबांनी 1630 च्या दुष्काळात बायको-मूल गमावलं. देवाशी भांडणारे त्यांचे अभंग गाथेत ढिगाने सापडतात. राग असेल तर तेच निवडा. क्रम मात्र पाळा: आधी रूपाचा अभंग (विठोबाच्या रूपाचं वर्णन), मधे भांडण, शेवटी पसायदान. भांडणावर उठलं तर माणूस तेच घेऊन झोपतो.

नगरकर: इथे थोडं वेगळं मत. आम्ही ख्रिस्ती. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची खूप. 13वं सहाच ओव्यांचं: पहिल्या दोन ओव्यांत "कुठवर?" चारदा, मग मागणं, शेवटी भरवसा आणि गाणं. कौटुंबिक प्रार्थनेत पहिल्या दोन ओव्यांनंतर मिनिटभर थांबायचं, प्रत्येकाने आपलं "कुठवर" मनात किंवा मोठ्याने म्हणायचं. लोक घाईने शेवटच्या ओवीवर उडी मारतात, तिथेच ते पोकळ होतं. 88वं तर अंधारावरच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. म्हणून ओवीताई, दर वेळी गोड शेवट हवाच असं मला वाटत नाही.

ओवी: पटलं. पण मुलं बसलेली असतील तर मी पसायदान सोडणार नाही.

रात्रपाळी: एक राहिलं. घरच्यांसाठी कडक एकादशी धरणारे मधुमेही: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, मग भोवळ. उपासाच्या फराळाला साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली की तीच साखर वर उडते. उपास धरण्याआधी डोसचं डॉक्टरांना विचारा. औषध बंद करून अंगाऱ्यावर राहा म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही मोठा महाराज असो.